नेरुळच्या मैदानावर एक रविवार

बजाजनगरात आम्ही राहतो त्या ओळीच्या मागे २०२२ साली एक मोकळा प्लॉट होता. आमच्या वाळूज एमआयडीसीत प्लॉट मोकळा राहिला की त्याचे काय होते ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. एका कोपऱ्यात ट्रक उभे राहतात, दुसऱ्या कोपऱ्यात कचरा पडतो आणि उरलेल्या जागेत पोरे क्रिकेट खेळतात. आमच्या मागच्या प्लॉटवर मात्र संध्याकाळी पाच ते साडेसहा मुलींचा फुटबॉल चाले. आठ-दहा मुली, गोलाला दोन-दोन विटा, आणि निम्म्या मुलींच्या पायात चपला. त्यांत आमची धाकटी असे.

वसाहतीत हा खेळ आला तो २०१७ साली. त्या वर्षी आपल्या देशात मुलांचा सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषक झाला होता. त्याची हवा तयार व्हावी म्हणून १५ सप्टेंबरला राज्यभरातल्या शाळांत फुटबॉल खेळवण्यात आला. एका दिवसात दहा लाख मुलांनी चेंडूला पाय लावावा असा तो बेत. त्यासाठी शाळांना चेंडू वाटले गेले. धाकटी तेव्हा चौथीत होती. तिच्या शाळेत चेंडू आले, पण मुलांना बॅट सोडवेना. म्हणून ते चेंडू मुलींच्या वाट्याला आले. एखादी चांगली गोष्ट मुलींना मिळते ती कधी कधी अशी, दुसऱ्या कोणाला नको असते म्हणून.

२०२२ साली ती नववीत गेली. पुढचे वर्ष दहावीचे. ओळीतल्या बायका आमच्या सौ.ना विचारू लागल्या, "ताई, एवढी मोठी पोरगी अजून खेळायलाच जाते का?" आम्ही कारखान्याच्या ऑफिसात लेखनिक. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी वस्तीवस्तीत जाऊन मुलींना शाळेतून काढू नका, लग्नाची घाई करू नका, असे सांगत फिरतो. बाहेर आमचे हे असे. घरात मात्र आम्हीही मनाशी ठरवून टाकले होते की नववी संपली की चेंडू माळ्यावर. दहावी महत्त्वाची. लग्नाच्या नावाखाली नव्हे, अभ्यासाच्या नावाखाली, पण बंद ते बंदच. वाचकांपासून लपवण्यात अर्थ नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात मुलींचा सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात भरणार होता. तोही सहजासहजी आला नव्हता. मुळात तो २०२० साली व्हायचा. कोरोनामुळे आधी पुढे ढकलला, मग रद्दच झाला आणि २०२२ चे यजमानपद भारताला मिळाले. तेवढ्यात ऑगस्ट महिन्यात जागतिक संघटनेने, म्हणजे फिफाने, आपल्या फुटबॉल महासंघालाच निलंबित केले. महासंघाच्या कारभारात बाहेरचा हस्तक्षेप झाला असे त्यांचे म्हणणे. मोठ्या माणसांच्या खुर्च्यांच्या भांडणात मुलींची स्पर्धा जाते की काय अशी वेळ आली. २६ ऑगस्टला निलंबन उठले, आणि ११ ऑक्टोबरपासून भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई या तीन ठिकाणी सामने सुरू झाले. अंतिम सामना ३० ऑक्टोबरला, रविवारी, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर.

रविवार, त्यात दिवाळीची सुट्टी, त्यात आमचे साडू घणसोलीला. आम्ही बेत केला की मुलीला एकदा खराखुरा विश्वचषक दाखवून आणायचा. मग खेळ बंद केला तरी तिला फार लागणार नाही. सौ.ना हा बेत सांगितला तेव्हा त्या पिठाचे हात तसेच ठेवून आमच्याकडे बघत राहिल्या.

"म्हणजे पाटावर बसवायचं, वाढायचं, आन् ताट उचलून न्यायचं. असंच ना?"

आम्ही उत्तर दिले नाही. तिकिटे थोरल्याने मोबाइलवरून काढली. आमच्या खिशाला झेपणारी होती. चार काढली. आम्ही दोघे, धाकटी, आणि शेजारची तिची मैत्रीण. ही मैत्रीण प्लॉटवर विटांच्या मध्ये उभी राहून गोल अडवायची. तिचे वडील कंत्राटी कामगार, आई घरी खानावळीचे डबे करते. निघण्याच्या दोन दिवस आधी वडील आमच्याकडे आले आणि चौकटीत उभे राहूनच म्हणाले, "भाऊ, वाईट वाटून घेऊ नका. रात्रीचा सामना, मुंबईचं गाव. लोक काय म्हणतील?" असल्या प्रश्नावर आम्ही वस्तीत अर्धा तास बोलू शकतो. त्या दिवशी दोन वाक्ये बोललो आणि थांबलो. त्यांच्या आणि आमच्या विचारात फार अंतर नव्हते म्हणूनच जीभ उचलली नसावी. चौथे तिकीट तसेच राहिले.

शनिवारी रात्री देवगिरी एक्स्प्रेसने निघालो. दिवाळी संपवून परतणाऱ्यांची गर्दी म्हणजे काय हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगणे नको. औरंगाबाद स्टेशनावर (गावाचे नाव तेव्हा औरंगाबादच होते) डब्याच्या दाराशी करंज्या-चिवड्याचे डबे, तांदळाची पोती आणि झोपलेली मुले असा ढीग. आमचे मुंबईला जाणे एरवी डिसेंबरातले आणि दादरला उतरण्याचे. तेव्हाच्या गर्दीत आम्ही एकटे नसतो, सगळा डबा आपलाच असतो. या वेळी मात्र आम्ही नुसते पाहुणे होतो. जागा दोन मिळाल्या. धाकटीला आणि सौ.ना बसवून आम्ही मनमाडपर्यंत उभे राहिलो, पुढे पेपर अंथरून बसलो.

पहाटे कसारा घाट उतरला की हवा बदलते. अंगावरचा स्वेटर नकोसा होतो आणि मानेला घाम येतो. समुद्र दिसत नाही, पण तो जवळ आला हे अंगाला कळते. ठाण्याला उतरलो तेव्हा नुकते फटफटले होते. तिथून पनवेलकडे जाणारी लोकल पकडली. रविवारी मुंबईत मेगाब्लॉकची धास्ती असते, म्हणून साडूंनी सकाळीच या असे बजावले होते. गाडी ऐरोली, रबाळे करत घणसोलीला पोचते. डाव्या हाताला पारसिकचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने, उजव्या हाताला वसाहती आणि त्यांच्यापलीकडे खाडी. धाकटी खिडकीतून बघत म्हणाली, "पप्पा, हे तर आपलंच वाळूज आहे. फक्त रेल्वे जास्त आहे."

पोरगी अगदीच चुकीचे बोलली नव्हती. नवी मुंबई वसवली सिडकोने. हे महामंडळ १९७० साली या शहरासाठीच स्थापन झाले. पुढे त्याच सिडकोने आमच्या जिल्ह्यात नवे औरंगाबाद वसवले आणि वाळूज महानगरही आखले. आई एकच, लेकरे वेगवेगळी. एका लेकराला खाडी, रुंद रस्ते, रेल्वे आणि स्टेडियम. दुसऱ्याच्या वाट्याला काय आले ते आम्ही उन्हाळ्यात टँकरची वाट बघताना रोज पाहतो. इथल्या साडूंनी मात्र आमचे बोलणे मध्येच तोडले. या चकचकीत शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या, आगरी-कोळ्यांची भातशेती आणि मिठागरे गेली, हे त्यांनी आम्हांला सुनावले. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले त्यात जानेवारी १९८४ मध्ये जासई भागात गोळीबार होऊन पाच जण मारले गेले. त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. साडू मूळचे जालना जिल्ह्यातले, पण पंचवीस वर्षांत ते इथले होऊन गेले आहेत. शहर पाहायचे तर आधी मधली गावे बघा, असे ते म्हणतात. नेरुळ, शिरवणे, सारसोळे, दारावे, करावे. मोठ्या इमारतींच्या कडेला ही गावे अजून आहेत, अरुंद गल्ल्या आणि दारात सुकत घातलेली मासळी घेऊन.

आंघोळी उरकून, मावशीने केलेली पुरणपोळी खाऊन आम्ही दुपारी लवकरच नेरुळला निघालो, कारण धाकटीला समुद्र पाहायचा होता. पाम बीच रस्ता ओलांडून पाण्याच्या बाजूला गेलो, तर ओहोटी लागलेली. चिखलच चिखल, त्यात खारफुटीची मुळे वर आलेली आणि निवट्या टुणटुण उड्या मारताहेत. मुलीचा चेहरा उतरला. सिनेमातला समुद्र वेगळा असतो. साडू म्हणाले, "बेटा, या चिखलावरच सगळं आहे. थंडीत इथे हजारोंनी फ्लेमिंगो उतरतात." आम्ही म्हणालो, फ्लेमिंगो आमच्या पैठणच्या नाथसागरावरही येतात, आम्ही त्यांना रोहित म्हणतो. तेव्हा धाकटीनेच एक गंमत सांगितली. नायजेरियाच्या सतरा वर्षांखालील मुलींच्या संघाला फ्लेमिंगो असेच नाव आहे, आणि तो संघ आज इथेच खेळणार आहे. ठाण्याच्या खाडीला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, म्हणजे रामसर स्थळाचा, दर्जा मिळाला होता. पक्षी यायला अजून अवकाश होता. त्यांच्याआधी नायजेरियाचे फ्लेमिंगो आले होते म्हणायचे.

बाहेर बसून आम्ही डबा संपवला, कारण आत खाणे नेता येत नाही असे साडूंनी सांगून ठेवले होते. साडेचारला तिसऱ्या क्रमांकाचा सामना, जर्मनी आणि नायजेरिया. स्टेडियमच्या आत पाऊल टाकले आणि आम्ही तिघेही क्षणभर बोलायचे थांबलो. हे स्टेडियम २००८ साली सुरू झाले. वर छत आहे, पण मध्ये खांब नाहीत. त्यामुळे कुठेही बसा, मैदान अख्खे दिसते. आणि ते गवत! १०५ मीटर लांब, ६८ मीटर रुंद, हिरवेगार आणि सपाट. आमच्या प्लॉटवर पाय मुरगळू नये म्हणून मुली आधी दगड वेचतात. धाकटी कितीतरी वेळ नुसते गवतच बघत होती. तिच्या शेजारची चौथी खुर्ची रिकामी. तिच्यावर तिने आपली ओढणी घडी करून ठेवली, कोणी बसू नये म्हणून.

पहिला सामना आम्हांला शिकवून गेला की या खेळात शिट्टी वाजेपर्यंत काही खरे नसते. नायजेरियाच्या मुलींनी एकामागून एक तीन गोल केले. सौ. म्हणाल्या, "संपलं आता, बिचाऱ्या गोऱ्या पोरी." आणि बिचाऱ्या गोऱ्या पोरींनी दुसऱ्या सत्रात तिन्ही गोल फेडले! तीन-तीन. मग पेनल्टीचे फटके, आणि त्यात नायजेरिया तीन विरुद्ध दोनने जिंकले. या स्पर्धेत त्यांना मिळालेले हे पहिलेच पदक. त्या मुली मैदानभर नाचत धावत होत्या आणि आमच्या मागच्या रांगेतली कुठल्याशा शाळेची मुले त्यांच्यासाठी घसा कोरडा करत होती. नायजेरिया नकाशावर कुठे आहे हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. आपल्या संघाची कमतरता लोकांनी अशी भरून काढली होती.

आपला संघ या दिवशी मैदानावर नव्हता, हे सांगायलाच हवे. यजमान म्हणून आपल्याला थेट प्रवेश मिळाला होता. भुवनेश्वरला अमेरिकेने आठ, मोरोक्कोने तीन आणि ब्राझीलने पाच गोल केले. सोळा गोल झाले, आपला एकही नाही. शेजारच्या रांगेत एक गृहस्थ यावर मोठ्याने हसत होते. "कशाला खेळवतात पोरींना?" आम्ही त्यांच्याकडे वळून बघितले, पण बोलली ती धाकटी. "काका, कॅप्टनचे आईवडील रोजंदारीवर आहेत, माहीत आहे का?" ही गोष्ट वर्तमानपत्रांत येऊन गेली होती. कर्णधार अस्तम उराँव ही झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली, आदिवासी कुटुंबातली. विश्वचषकात कर्णधार झाली म्हणून तिच्या गावाकडे रस्ता मंजूर झाला, आणि त्या रस्त्याच्या कामावर तिचे आईवडील मजुरी करत होते. घरी टीव्ही नव्हता, तोही प्रशासनाने ऐनवेळी बसवला. त्या संघात एकट्या झारखंडच्या सहा मुली होत्या. मणिपूरच्याही होत्या. आपल्या महाराष्ट्राची पुण्याची काजोल डिसूझा होती. मराठवाड्याची एकही नाही. ते गृहस्थ गप्प झाले. त्यांना पटले म्हणून की पोर पुढ्यात होती म्हणून, ते कळले नाही.

आठ वाजता अंतिम सामना, स्पेन आणि कोलंबिया. स्पेन आधीचा, २०१८ चा, विजेता. कोलंबियाचा तर पुरुषांचा किंवा बायकांचा कोणताच संघ तोवर फिफाच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पोचला नव्हता. याच मैदानावर १२ ऑक्टोबरला गटातल्या सामन्यात स्पेनने त्यांना एक-शून्यने हरवले होते. आता पुन्हा तेच दोघे. स्टेडियमच्या दिव्यांखाली खाडीकडून वारा येत होता आणि मधूनच मासळीचा वास. कुठे कुठे पिवळे-निळे-लाल झेंडे हलत होते. एवढ्या लांबून ही माणसे आली कशी, असे सौ. पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

कोलंबियाच्या लिंडा कैसेडोबद्दल धाकटीने आम्हांला आधीच पढवून ठेवले होते. वय सतरा. पंधराव्या वर्षी तिला अंडाशयाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली, उपचार झाले आणि ती पुन्हा मैदानावर आली. त्या एका वर्षात, २०२२ मध्ये, ती जुलैत देशाच्या मोठ्या संघातून दक्षिण अमेरिकेच्या स्पर्धेचा अंतिम सामना खेळली, ऑगस्टमध्ये वीस वर्षांखालील विश्वचषक खेळली आणि ऑक्टोबरात आमच्यासमोर नेरुळला उभी होती. तिच्या पायात चेंडू आला की स्टेडियमचा आवाज बदलायचा. सौ.ना फुटबॉलमधले काही कळत नाही, पण त्या म्हणाल्या, "एवढं आजारपण काढलं, आन् आईनं पाठवली खेळायला?" थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाल्या, "पाठवली."

गोल होईना. एक तास गेला, सव्वा तास गेला. आमच्यासारख्या क्रिकेटच्या माणसाला धावफलकावर शून्य-शून्य बघवत नाही. पण धाकटी दर पाच मिनिटांनी काहीतरी दाखवायची. ती बघा, चेंडू तिच्याकडे नाही तरी ती पळते आहे. ती बघा, ती मागे हटते आहे, मागच्या मुलीला जागा देते आहे. नव्वद मिनिटांत एका खेळाडूच्या पायात चेंडू असतो तो मोजून थोडा वेळ, बाकीचे सगळे पळणे दुसऱ्यासाठी असते, हे आम्हांला त्या रात्री कळले. पाच वर्षे आम्ही तिला प्लॉटवरून हाका मारून बोलावत होतो. ती तिथे काय करते हे एकदाही उभे राहून पाहिले नव्हते.

ब्याऐंशीव्या मिनिटाला स्पेनच्या मुली गोलापाशी घुसल्या. गर्दी झाली, आणि चेंडू कोलंबियाच्याच ॲना मारिया गुझमनला लागून तिच्या स्वतःच्या जाळ्यात गेला. स्वयंगोल. बस, तेवढाच गोल. शिट्टी वाजली तेव्हा स्पेनच्या मुली एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. ढोल, कागदाचे तुकडे, चषक, फोटो. सगळे स्टेडियम तिकडे बघत होते. धाकटी मात्र कोलंबियाच्या मुलींकडे बघत होती. पायऱ्या उतरताना तिने विचारले,

"पप्पा, तिच्या चुकीनं हरले ना? आता तिला घरी काय म्हणतील?"

आम्ही म्हणालो, "काय म्हणणार? खेळात होतं असं."

"मग खेळ बंद करतील का तिचा?"

तिला आमच्या बेताबद्दल कोणी काही सांगितले होते का? सौ.ंनी शपथेवर सांगितले की नाही. आम्ही गर्दीत पुढे झालो. घणसोलीला पोचेपर्यंत आमच्यात कोणी फारसे बोलले नाही.

सोमवारी पहाटे ठाण्याहून तपोवन पकडली. रजेचा अर्ज आम्ही आधीच देऊन ठेवला होता. मुलीशी बोलायचे ते गाडीतच बोलायचे, असे ठरवले होते. इगतपुरीला वाटले नाशिक जाऊ द्यावे. नाशिकला वाटले मनमाडला बोलू. मनमाडला धाकटी खिडकीला डोके टेकून झोपली होती आणि मांडीवर न वापरलेले चौथे तिकीट होते. ते तिने मैत्रिणीला द्यायचे म्हणून थोरल्याकडून कागदावर छापून घेतले होते. लासूर गेले, पोटूळ गेले. सौ.ंनी आमच्याकडे बघितले. "बोला की." आम्ही बोललो नाही. पुढेही कधी बोललो नाही. त्या विषयावर आमच्या घरात जे काही ठरले ते असे न बोलताच ठरले.

पुढचे थोडक्यात सांगतो. ज्या गुझमनच्या पायाला लागून चेंडू आत गेला, तिला काही महिन्यांतच जर्मनीच्या बायर्न म्युनिक या बड्या क्लबने आपल्या संघात घेतले. ही बातमी धाकटीने आमच्या ऑफिसात फोन करून सांगितली. ऑफिसात फोन करायचा नाही असा आमचा दंडक आहे, पण त्या दिवशी रागावलो नाही. कैसेडो रियल माद्रिदला गेली. २०२३ च्या मोठ्या विश्वचषकात या दोघीही कोलंबियाकडून गेल्या आणि त्यांच्या संघाने जर्मनीला दोन-एकने हरवले. त्यांतला एक गोल कैसेडोचा. तो सामना आम्ही दुपारी मोबाइलवर पाहिला.

आमचा मागचा प्लॉट मात्र गेला. त्याला कंपाउंडची भिंत पडली आणि आत शेड उभे राहिले. कारखाना आला म्हणजे पाच-पंचवीस जणांना काम आले, त्याबद्दल तक्रार कशी करावी? पण मुलींना जागा राहिली नाही. महानगराच्या नकाशात मैदाने आहेत. नकाशातले मैदान शोधत आम्ही दोन कार्यालयांच्या पायऱ्या झिजवल्या. एके ठिकाणी तर मुली कशाला खेळणार, असे विचारण्यात आले. असो. शेवटी एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी रविवारी सकाळी मैदान वापरू दिले.

धाकटी दहावी झाली. परीक्षेआधी चार महिने तिने स्वतःच खेळ थांबवला, आम्ही सांगितले नाही. मार्क चांगले पडले. खेळली नसती तर जास्त पडले असते असे ओळीत अजून कोणी कोणी म्हणते, आणि तसे असेलही. तिच्या मैत्रिणीची शाळा दहावीनंतर सुटली. ती आईबरोबर डबे करते आणि सायकलवरून कामगारांना पोचवते. त्या वेळी तिच्या वडिलांशी आम्ही दोनऐवजी चार वाक्ये बोललो असतो तर काही फरक पडला असता का, हे आम्हांला सांगता येत नाही. ते छापील तिकीट तिच्याकडे अजून आहे.

२ नोव्हेंबर २०२५ ला आमच्या घरात बसायला जागा नव्हती. ओळीतल्या बायका, मुली, दोन-चार पुरुषही. नेरुळच्या त्याच मैदानावर हरमनप्रीत कौरच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून एकदिवसीय क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. त्याआधी तीनच दिवस, ३० ऑक्टोबरला, तिथेच जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ धावा करून ऑस्ट्रेलियाला घरी पाठवले होते. तारीख तीच, आम्ही गेलो होतो ती. तीन वर्षांपूर्वी मुलींचा खेळ बघायला मैदानावर जायचे म्हणजे लोक हसत होते. आता टीव्हीपुढे ओळ जमली होती. कॅमेरा छतावरून फिरला की धाकटी उठून पडद्यावर बोट ठेवायची, "आम्ही तिथं बसलो होतो. त्या कोपऱ्यात." आणि मैत्रिणीकडे बघून म्हणायची, "अन् तू इथं."

फुटबॉलमध्येही काही हालचाल आहे. २०२५ च्या जुलैत आपल्या मोठ्या मुलींच्या संघाने थायलंडला त्यांच्याच देशात दोन-एकने हरवून आशियाई चषकात जागा मिळवली. ती बातमी आमच्या ओळीत एका घरातच वाचली गेली, आमच्या.

आता रविवारी सकाळी धाकटी सात-आठ लहान मुलींना घेऊन शाळेच्या मैदानावर जाते. मैत्रीण डबे पोचवून नऊच्या सुमारास येते आणि सायकल भिंतीला टेकवून सरळ गोलात उभी राहते. तोवर मुली गोलाशिवाय खेळतात, दुसरे कोणी तिथे उभे राहायला तयार नसते. मैदानाच्या फाटकाची किल्ली शिपायाकडे असते, आणि ती शनिवारी संध्याकाळीच जाऊन मागून आणावी लागते. ते काम आमच्याकडे आहे.